बोलेरोची चॅसी गंजलीय: वेल्डिंग करू की गाडी सोडू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २०११ ची बोलेरो, वडिलांच्या हातची. गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या गावात, घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. इंजिन ठणठणीत आहे. मागच्या पाट्यांजवळ (लीफ स्प्रिंगजवळ) चॅसीचे, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचे, पापुद्रे सुटलेत, ड्रायव्हरच्या दाराखाली दोन रुपयाच्या नाण्याएवढं भोक पडलंय आणि अगदी मागचा, बंपरजवळचा क्रॉस मेंबर (चॅसीचा आडवा दांडा) हाताने हलतोय. एक गॅरेजवाला चाळीस हजारांत वेल्डिंग करून देतो म्हणतो. दुसरा म्हणतो, बारा हजारांत अंडरकोटिंग मारा आणि विसरून जा. एजंट गाडीला नव्वद हजार द्यायला तयार आहे. पंधरा वर्षांचं पासिंग संपायला सात महिने उरलेत. काय करावं?

आधी त्या बारा हजारवाल्याचं बघू, कारण तो पर्याय यादीतूनच काढून टाकायचा आहे. सडलेल्या चॅसीवर काळं कोटिंग मारणं म्हणजे ओल्या जखमेवर चिकटपट्टी लावणं. गंजाच्या पापुद्र्यांत ओल असते, मीठ असतं. वरून डांबरी थर बसला की ती ओल आत कोंडते आणि गंज निवांत काम करत राहतो. फरक इतकाच पडतो की आता तो तुम्हाला दिसत नाही. तीन वर्षांनी थर सुटतो तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला लोखंडाचा पातळ पापुद्रा चिकटून येतो. असे तुकडे मी गॅरेजच्या फळीवर ठेवलेत, गिऱ्हाइकाला दाखवायला. कोटिंग ही नव्या किंवा पुरत्या साफ केलेल्या चॅसीवर करायची गोष्ट आहे. विकायला काढलेल्या गाडीला खालून चकचकीत काळं मारलेलं दिसलं तर मी आधी हातोडी मागतो.

आता मूळ प्रश्न. अठ्ठावीस वर्षं या किनाऱ्यावरच्या गाड्यांच्या पोटाखाली काढल्यावर माझं मत असं झालंय की 'गंज किती आहे' हा प्रश्न लोक उगाच विचारतात. गंज कुठे आहे आणि त्याच्या आजूबाजूला वेल्डिंग धरेल असं चांगलं लोखंड उरलंय का, एवढंच बघायचं असतं.

'किती' फसवतं, कारण गंज फुगतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. चार-पाच मिलिमीटर जाड पापुद्रा निघाला की माणूस घाबरतो, पण तेवढ्यासाठी लोखंड कदाचित मिलिमीटरभरच खर्ची पडलेलं असतं. मागच्या पाट्यांजवळचे तुमचे पापुद्रे बघायला भयंकर असतील आणि खाली चांगलं लोखंड असेल. याच्या उलटही घडतं. बाहेरून कंपनीचा रंग शाबूत, आणि हातोडीचं टोक थेट आत. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो आतून आलेला असतो.

बोलेरो, सुमो, क्वालिस, जुनी इनोव्हा, स्कॉर्पिओ या सगळ्या शिडीच्या चॅसीच्या गाड्या. दोन लांब साइड मेंबर, मध्ये आडवे क्रॉस मेंबर, वर बॉडी रबरांवर ठेवलेली. साइड मेंबर बऱ्याच लांबीत पेटीसारखा बंद असतो, आत पोकळ. पाणी बाहेर जायला खाली भोकं ठेवलेली असतात. कोकणात ती भोकं दोन पावसाळ्यांत बुजतात. आपली जांभ्याची तांबडी माती पिठासारखी बारीक असते. चाकाने उडालेलं पाणी ती पेटीत नेऊन ठेवतं, ती खाली बसते आणि उन्हाळ्यातसुद्धा आतून पुरती सुकत नाही. त्यात मीठ. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की आपणहून पाणी ओढून घेतं, मिठाची बरणी पावसात पाझरते ना, तसं. किनाऱ्यावर रात्रीची हवा वर्षातले बहुतेक दिवस त्याच्या वरच असते. म्हणजे पाऊस नसला तरी खारवलेली चॅसी रोज रात्री ओली होते, दुपारी सुकते, परत ओली. लोखंडाला सतत पाण्यात बुडवून ठेवण्यापेक्षा हे ओलं-सुकं जास्त खातं. तुमची गाडी मातीच्या जमिनीवर, खाडीकाठी, शेडमध्ये उभी. शेडमुळे वरचा रंग टिकला असेल, पण खालून जमिनीची ओल आणि न धुतलं गेलेलं मीठ दोन्ही तिथेच. रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर सडते, हे लोकांना पटत नाही.

मासळी वाहणारे पिकअप याहून वाईट. काही वर्षांपूर्वी बंदरावरून मासळी नेणारा एक पिकअप आला. तक्रार काय, तर मागून करकर आवाज येतोय. हौदाखाली, मागच्या अॅक्सलच्या वर चॅसी जिथे कमानीसारखी उचललेली असते, तिथे डाव्या बाजूला मी हातोडी मारली आणि हातोडीचं डोकं आत जाऊन अडकलं. ते ओढून काढलं तर भोकातून काळपट तांबडा चिखल लोंबायला लागला. हाताने खरवडून घमेलंभर काढला. त्यात माशाचे खवले होते, चकाकणारे, ताजे वाटावेत असे. टपातलं बर्फाचं खारं पाणी हौदाच्या फटींतून वर्षानुवर्षं त्याच जागी गळत होतं. मालकाला म्हटलं, हौद उतरवून दोन्ही बाजू कापून नव्या करायला लागतील, नाहीतर गाडी सोड. त्याला मासळीचा हंगाम चुकवायचा नव्हता. दुसरीकडे त्याने पातळ पत्र्याचं ठिगळ आर्क वेल्डिंगने चिकटवून घेतलं. पुढच्या पावसात कुंभार्ली घाट चढताना चॅसी ठिगळाच्या काठावर बरोबर सरळ रेषेत चिरली. माल होता, माणूस वाचला. ठिगळ मात्र शाबूत होतं, चिरली ती त्याला लागून असलेली सडकी बाजू. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा, पुढे वेल्डिंगचं सांगतो तिथे ते लागेल.

आता 'कुठे'चं गणित. साइड मेंबर म्हणजे घराचं आढं समजा. भार आला की त्याची वरची आणि खालची कड काम करते, मधल्या उभ्या भिंतीवर त्या मानाने ताण कमी. म्हणूनच कंपनी वायरिंग आणि पाइपांसाठीची भोकं उभ्या भिंतीच्या मध्यावर पाडते, कडेला पाडत नाही. तुमचं दाराखालचं नाण्याएवढं भोक उभ्या भिंतीच्या मध्यावर असेल आणि त्याच्या चारी बाजूंचं लोखंड वाजत असेल तर ती किरकोळ गोष्ट आहे. तेच भोक खालच्या कडेला, दोन्ही अॅक्सलच्या मध्ये असेल तर किरकोळ नाही, कारण तिथे खालची कड ओढली जात असते आणि चीर तिथूनच सुरू होते. आणि पाणी-माती तळालाच बसते, त्यामुळे गंज नेमका कामाच्या कडेला जास्त लागतो. तुम्ही फोटो काढून पाठवताना हेच सांगितलेलं नाहीत: भोक भिंतीला आहे की तळाला?

दुसरी गोष्ट म्हणजे भार टेकण्याच्या जागा. पाटे चॅसीला ज्यांवर टांगलेले असतात ते पुढचे-मागचे हॅंगर आणि शॅकल, पुढच्या सस्पेन्शनचे आर्म जिथे बसतात तो क्रॉस मेंबर, स्टिअरिंग बॉक्सची जागा, इंजिन आणि बॉडीची माउंटिंग. ब्रिटनमधल्या गाड्यांच्या वार्षिक तपासणीत यासाठी सोपा नियम आहे: सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट अशा महत्त्वाच्या जोडाच्या ३० सेंटीमीटरच्या आत भार घेणारं लोखंड सडून कमजोर झालं असेल तर गाडी नापास. आपल्याकडे पासिंगला इतकं बारीक कोणी बघत नाही, पण फूटभराचं ते माप मी स्वतःसाठी ठेवलंय. स्टिअरिंग बॉक्सच्या फूटभरात सड असेल तर मी काम घेत नाही. पाट्याच्या हॅंगरच्या फूटभरात असेल तर हॅंगर सुटा करून, खालचं लोखंड बघून मगच आकडा सांगतो. मागचा, बंपरचा क्रॉस मेंबर हलतोय म्हणून तुम्ही सगळ्यात जास्त धास्तावलात, पण तिघांत तो सगळ्यात स्वस्त. त्याच्यावर बंपरशिवाय फार काही नाही, कापून नवा बसवता येतो. मात्र तो धरून गाडी ओढायची नाही, दोर बांधायचा नाही.

कुणालाही पैसे देण्याआधी एक सकाळ घालवा. गाडी खालून प्रेशरने धुऊन घ्या आणि दोन दिवस उन्हात उभी ठेवा. ओल्या चॅसीचा आवाज खोटा येतो. मग सपाट जागेवर उभी करा, चाकांना दगड लावा आणि नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. घोड्या (गाडी टेकवून ठेवायचे स्टँड) नसतील तर खड्डा असलेल्या एखाद्या गॅरेजात तासभर जागा मागा. डोळ्यांना चष्मा हवा, गंजाची खपली डोळ्यात गेली तर डॉक्टरकडे जावं लागतं. लहान हातोडी घ्या, पाव किलोची पुरे, आणि खडू. पुढून सुरुवात करून दर चार बोटांवर ठोका, आधी भिंत, मग तळ. चांगलं लोखंड 'टण' म्हणतं आणि हातोडी उडवून लावतं. पातळ झालेलं 'थप' म्हणतं आणि हातोडी जागीच बसते. पाच मिनिटांत कान तयार होतो, मडकं घेताना वाजवून बघतो तसंच ते. 'थप' आलं तिथे खडूने गोल, आणि तिथेच जुन्या पेचकसाचं टोक जोर लावून दाबा. टोक रुतलं तर गोलावर फुली मारा. शेवटी लांबून एक फोटो घ्या. फुल्या विखुरलेल्या आहेत की एका जागी दाटल्यात हे त्या फोटोत जितकं कळतं तितकं खाली पडून कळत नाही.

पेटीच्या आतलं बघायला मोबाईलला जोडायचा वायरीचा कॅमेरा मिळतो. तो पाणी जाण्याच्या भोकातून आत सोडा. आत मातीचा थर दिसला तर तिथला तळ गेला असंच समजून चाला, बाहेरून वाजत असला तरी.

आणखी दोन गोष्टी बघायच्या. दारं पूर्वीसारखी बसतात का, बॉनेट आणि पुढच्या मडगार्डची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का? मागून चालत्या गाडीकडे पाहिलं तर ती तिरकी जाताना दिसते का? शंका आली तर गवंड्याचा ओळंबा आणा. चॅसीवरच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या जागा, म्हणजे पुढचे बोल्ट, मागच्या हॅंगरचे बोल्ट, ओळंब्याने जमिनीवर उतरवा, खडूने खुणा करा, गाडी बाजूला घ्या आणि कर्ण मोजा. चार-पाच मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो. दोन-अडीच सेंटीमीटर फरक आला तर चॅसी वाकलेली आहे, अपघाताने किंवा सडून बसल्याने. वाकलेली आणि सडलेली अशी दोन्ही असेल तर हिशेब तिथेच संपला.

आणि सगळ्यांच्या आधी चॅसी नंबर. आरसीवरचा तो नंबर लोखंडावर ठोकलेला असतो. जीपवर्गातल्या बऱ्याच गाड्यांना तो उजव्या साइड मेंबरवर, पुढच्या चाकाच्या आसपास सापडतो. वायर ब्रश नको, ग्राइंडर तर नकोच. रॉकेल किंवा डिझेलचं फडकं भिजवून ठेवा, मऊ ब्रशने साफ करा, वर कागद धरून पेन्सिल घासा. ठसा नीट उमटला तर पुढे जा. आकडे खाल्ले गेले असतील तर पासिंगच्या वेळी तोच अडथळा येणार. नंबर परत ठोकून घ्यायचा तर आरटीओच्या परवानगीनेच. तो भाग कापून दुसरा जोडला, किंवा भंगारातून दुसरी चॅसी आणून तिच्यावर आपला नंबर ठोकला, तर मोटार वाहन कायद्यात बसत नाहीच, वर चोरीच्या गाडीचा संशय तुमच्यावर येतो. 'कुर्ल्याहून चॅसी आणून देतो, नंबरचं बघून घेऊ' असं म्हणणाऱ्या मिस्त्रीला नमस्कार करून परत या.

समजा नंबर उमटला, कर्ण जुळले. आता खडूचा फोटो समोर ठेवा. फुल्या दोन-तीन जागी दाटलेल्या, त्यांच्या दोन्ही बाजूंना फूटभर 'टण' वाजणारं लोखंड: दुरुस्त करा. फुल्या दोन्ही साइड मेंबरना, मागच्या कमानीवर, हॅंगरच्या पुढे-मागे सलग: सोडा. मधल्या सगळ्या गाड्यांना बॉडी थोडी उचलून, टाकी उतरवून, साफ करून पुन्हा बघावं लागतं, आणि तिथेच पैसे बुडतात. मी स्वतः एकदा बुडालोय. एक सुमो, ओळखीतली, मालक वयस्कर, 'बाबा, कर काहीतरी' म्हणाले. एका बाजूला दीड फूट ठरलं होतं. कापत गेलो तसं लोखंड पातळच लागत गेलं. दीडाचं तीन, तिनाचं पाच फूट झालं. अर्ध्यावर गाडी सोडता येईना, ठरलेल्याच्या दुप्पट खर्च झाला, त्यातला बराच माझ्या खिशातून गेला. गाडी तीन वर्षं चालली, पण तो सौदा दोघांनाही महागात पडला. तेव्हापासून मी काम दोन भागांत घेतो. आधी फक्त उघडणं आणि साफ करणं, त्याचे वेगळे पैसे. मग मालकाला बोलावून दाखवायचं आणि तेव्हाच आकडा सांगायचा. तुमचा चाळीस हजारवाला गाडी न उघडता आकडा सांगतोय. तो माणूस वाईट असेलच असं नाही, पण त्याचा आकडा हवेतला आहे. त्याला म्हणा, उघडण्याचे आधी देतो, मग ठरवू. तयार झाला तर माणूस कामाचा.

वेल्डर कसा ओळखायचा? त्याला विचारा की गंजावर पत्रा चढवणार की गंज कापणार. कापणार म्हणाला पाहिजे. पत्रा किती जाडीचा? मूळ चॅसीच्या जाडीचा, साधारण तीन-साडेतीन मिलिमीटर, मोजून. दाराचा पत्रा चालत नाही आणि 'मजबूत करतो' म्हणून सहा मिलिमीटरची पट्टीही नको. फार कडक तुकडा स्वतः हलत नाही, सगळा ताण आपल्या काठावर ढकलतो आणि शेजारचं लोखंड चिरतं. तुकड्याचं टोक कसं कापणार? आडव्या सरळ रेषेत नको. टोक तिरपं, शंकरपाळ्यासारखं निमुळतं हवं, म्हणजे वेल्डिंगच्या उष्णतेने कमजोर झालेला पट्टा एका रेषेत येत नाही. घाटात चिरलेल्या त्या पिकअपचं ठिगळ चौकोनी होतं. तळ आणि भिंत दोन्ही गेलं असेल तर दोन तुकडे जोडण्यापेक्षा एकच पत्रा वाकवून काटकोनात बसवलेला बरा. एका वेळी एकच बाजू उघडायची, चॅसी घोड्यांवर बिनभाराची आणि समपातळीत ठेवून, आधी तात्पुरता आधार वेल्ड करून, मग कापायचं. सीओटू वेल्डिंग (गॅस आणि तारेवर चालणारं) असेल तर उत्तम. हात चांगला असेल तर आर्कनेही चांगलं होतं, जुन्या मिस्त्रींनी आयुष्यभर तेच केलं. पण बॅटरीच्या वायरी काढा, इंजिनचा कॉम्प्युटर असेल तर त्याची कनेक्टर काढा, अर्थ कामाच्या शेजारीच लावा आणि डिझेलची टाकी व पाइप बाजूला घेतल्याशिवाय ठिणगी पडू देऊ नका. हे सांगावं लागत नसेल असं वाटतं, पण लागतं.

वेल्डिंग झाल्यावर आतल्या बाजूचं काय? बाहेरून प्रायमर, रंग, सगळे मारतात. पेटीच्या आत वेल्डिंगने जळून उघडं पडलेलं लोखंड तसंच राहतं आणि दोन पावसांत गंज नवा पत्रा आतून खायला लागतो. आतली माती पाण्याने पुरती धुऊन काढायची, सुकवायची, मग लांब नळीने भोकांतून मेणासारखं कॅव्हिटी वॅक्स फवारायचं. बाहेरून साफ लोखंडावर झिंकचा किंवा इपॉक्सी प्रायमर, वर चॅसी ब्लॅक. पूर्वी आमच्याकडे मृगाच्या आधी गाडीखाली जळकं ऑइल फवारायची पद्धत होती. गंज थोपवायला त्याचा उपयोग होतो, नाही कशाला म्हणू? पण ते रबरी बुश खातं, ब्रेकवर उडतं आणि पहिल्या पावसात रस्त्यावरून शेतात आणि विहिरीत जातं. मी ते बंद केलं.

न्यू जर्सीतला पुतण्या व्हिडिओ पाठवतो, असं तुम्ही लिहिलंय, की 'तिकडे अशी चॅसी अख्खी बदलून देतात'. खरं आहे. तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे चॅसी सडणं हे घरोघरचं दुखणं. टोयोटाने टॅकोमा, टुंड्रा आणि सेक्वोया या गाड्यांच्या चॅसी गंजण्यावरून २०१६ मध्ये मोठी तडजोड केली आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे भोकं पडलेल्या चॅसी बदलून द्यायचं मान्य केलं. पण ती कंपनीच्या खर्चाने आणि रीतसर कागदांनी झालेली बदली. तुमच्या पंधरा वर्षांच्या गाडीला ते लागू होत नाही. तिकडच्या व्हिडिओतलं वेल्डिंग बघून शिका, हिशेब मात्र इथला करा.

इथला हिशेब असा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी साठ दिवसांत करता येतो, त्यामुळे काम त्याच्या आत उरकलेलं हवं. पास झाली तर पाच वर्षं मिळतात. चारचाकीचं नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं. त्यावर पर्यावरण कर, विमा, टायर-ब्रेकचं काम. हे सगळं आणि वेल्डिंग मिळून येणारा आकडा पाचाने भागा. त्या वर्षाच्या खर्चात तुम्हाला दुसरी धड गाडी मिळते का? बोलेरोच्या बाबतीत बहुतेक वेळा उत्तर 'नाही' येतं. म्हणून ही गाडी दुरुस्त करण्यात तोटा कमी, हेच पंधरा वर्षांच्या एखाद्या छोट्या पेट्रोल गाडीबद्दल म्हणणार नाही. मारुतीच्या ओम्नी किंवा आठशेसारख्या गाड्यांना वेगळी चॅसीच नसते, तळाचा पत्रा हीच चॅसी. तिथे पुढच्या सस्पेन्शनची जागा सडली की मी सरळ नको म्हणतो.

सोडायची ठरली तर नव्वद हजारवाल्या एजंटला गंज दाखवून, लिहून घेऊन विका, आणि आरसी त्याच्या नावावर चढल्याशिवाय गाडीचा ताबा देऊ नका. अगदीच गेली असेल तर सरकारी नोंदणी असलेल्या स्क्रॅप केंद्रात द्या. ते जमा केल्याचा दाखला देतात आणि त्यावर नवी खासगी गाडी घेताना करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. गावच्या भंगारवाल्याला कागद जिवंत ठेवून गाडी देऊ नका. नंबर तुमचा राहतो आणि गाडी कुठेतरी फिरत असते.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज दुरुस्तीच्या बाजूने आहे, पण तो मागच्या पाट्यांच्या हॅंगरवर अडलाय. क्रॉस मेंबरची मला चिंता नाही, आणि भोक तळाला नसून भिंतीला असेल तर त्याचीही नाही. पापुद्रे हॅंगरच्या वर आहेत, पुढे आहेत की अॅक्सलच्या कमानीपर्यंत गेलेत, हे तुमच्या फोटोंत कळत नाही, चिखल आहे. तोवर गाडीत सात माणसं आणि सिमेंटच्या गोण्या घालून घाटात नेऊ नका, गावातल्या गावात चालवा. पावसाळा डोक्यावर असेल तर वेल्डिंग दिवाळीनंतर करा. दमट हवेत साफ केलेल्या लोखंडावर संध्याकाळपर्यंत तांबडी साय येते आणि तिच्यावर रंग धरत नाही.

धुऊन, सुकवून, दोन्ही बाजूंच्या हॅंगरच्या पुढे-मागे फूटभर ठोकताना मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, डावी-उजवी वेगळी. तेवढं पाठवा, निम्मं उत्तर मी ते ऐकूनच देईन.